खिशातला चाकू आणि त्याची ओळख



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोठमोठ्या विषयांवर बोलण्याची आणि ऐकण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. राज्यकारभार, धर्म, इतिहास, शेतीसुधारणा हे विषय अशा व्यासपीठाला शोभतात. आम्ही मात्र आज आपल्यापुढे एक अगदी लहान वस्तू घेऊन उभे आहोत. ती आमच्या खिशात मावते आणि आपल्यांपैकी निम्म्या लोकांच्या घरी फडताळात, देवळीत किंवा जुन्या पत्र्याच्या डब्यात पडलेली आहे. ती वस्तू म्हणजे मिटता येणारा जुना चाकू. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही भीतभीतच हा सांगितला. चालक हसले, पण नाही म्हणाले नाहीत. त्याबद्दल त्यांचे आभार मानून विषयाला हात घालतो.

गेली तीस-पस्तीस वर्षे आम्हांस जुने चाकू जमविण्याचा नाद आहे. शाळेत पोरांना शिकवावे आणि सुटीच्या दिवशी यवतच्या बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, जेजुरीच्या यात्रेत भंगारवाल्यांच्या गोणपाटावर वाकून गंजलेली लोखंडे उलटीपालटी करावीत, असा आमचा क्रम. घरच्या मंडळींनी या नादाला जी नावे ठेवली ती येथे सांगण्यासारखी नाहीत. परंतु या नादाने आम्हांस एक धडा शिकविला, तोही फार महाग पडलेला. तो धडा सांगण्यासाठीच आजचे व्याख्यान आहे. त्याआधी चाकू ओळखतात कसे, हे सांगितले पाहिजे. नाहीतर धडा कळावयाचा नाही.

चाकू हा शब्द आपल्याकडे बाहेरून आला. त्याच्या आधी आपल्याकडे सुरी होती, विळा होता, कोयता होता, न्हाव्याचा वस्तरा आणि नऱ्हाणी होती, चांभाराची रापी होती. बोरूने लिहिणाऱ्या कारकुनांपाशी लेखणी तासण्याची छोटी सुरी असे. तिला कलमतराश म्हणत. पेशव्यांच्या दफ्तरातले लाखो कागद आज आपण कौतुकाने पाहतो. पण त्यांतील प्रत्येक अक्षराच्या आधी कोणीतरी बोरूचे टोक तासले आहे, हे ध्यानात येत नाही. इंग्रजीतही खिशातल्या लहान चाकूला जे नाव आहे ते लेखणीवरूनच पडले आहे. म्हणजे आज आपण ज्याने कांदा चिरतो, ऊस सोलतो, सुतळी तोडतो, त्या वस्तूचे मूळ नाते लिहिण्यावाचण्याशी आहे. मास्तरने चाकू जमवावेत यात फारसे विपरीत नाही, हे यावरून सिद्ध व्हावे!

विलायती चाकू आमच्या या भागात आला तो बहुधा रेल्वेच्या वाटेने. १८५८ साली रेल्वे पुण्यापर्यंत पोहोचली, १८६३ साली बोरघाट पुरा झाला आणि मुंबईचा माल सरळ देशावर येऊ लागला. पुढे १८७८ साली दौंड-मनमाड फाटा सुरू झाला आणि दौंड हे मोठे जंक्शन बनले. तेथे गार्ड, ड्रायव्हर, फिटर यांची वसाहत वाढली. यवत आणि केडगाव यांच्यामध्ये आपले खुटबाव स्टेशन आहे. या मार्गाने कापड आले, दिवे आले, सुया आल्या, तसे चाकूही आले. आमच्या लहानपणी म्हातारी माणसे कोणत्याही चांगल्या चाकूला ‘रॉजरचा चाकू’ म्हणत. रॉजर कोण, कुठला, हे कोणास ठाऊक नव्हते. चांगला चाकू म्हणजे रॉजर, एवढे मात्र सर्वांस ठाऊक होते.

हा रॉजर म्हणजे इंग्लंडातील शेफील्ड गावचा जोसेफ रॉजर्स अँड सन्स हा कारखाना. शेफील्ड हे चाकू-कात्र्यांचे गाव. तेथील कारागिरांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला. प्रत्येक कारागिराने आपली खूण संघाकडे नोंदवावयाची आणि दुसऱ्याने ती वापरावयाची नाही, असा तेथला दंडक. रॉजर्सला १७६४ साली एक तारा आणि एक विशिष्ट आकाराचा क्रूस अशी जोडखूण मिळाली. १८२२ साली चौथ्या जॉर्ज राजाने त्या घराण्याला राजाश्रयाची सनद दिली. त्याच सुमारास त्यांनी आपले कौशल्य दाखविण्यासाठी १८२२ पात्यांचा एक चाकू बनविला आणि पुढे सालागणिक एकेक पाते वाढविण्याचा संकल्प केला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांनी ७५ पात्यांचा दुसरा एक प्रचंड चाकू मांडला. हे अर्थातच मिरविण्याचे काम. त्यांचा खरा धंदा चालत होता तो आपल्यासारख्यांच्या खिशांवर.

आता ओळखीची पद्धत सांगतो. चाकू हाती आला की प्रथम पाते पूर्ण उघडावे आणि पात्याचे बूड पाहावे. बूड म्हणजे मुठीत शिरण्यापूर्वीचा बिनधारेचा चौकोनी तुकडा. बनविणाऱ्याचे नाव, गाव आणि खूण तेथे ठोकलेली असते. तारा आणि क्रूस दिसला तर रॉजर्स. ‘आय-एक्स-एल’ ही तीन अक्षरे दिसली तर शेफील्डचाच वोस्टनहोम. जुळ्या भावांची जोडी दिसली तर जर्मनीतल्या सोलिंगेन गावचा हेन्केल्स. ती खूण १७३१ सालची आहे. ढालीवर क्रूस दिसला तर बहुधा स्वित्झर्लंडचा. तेथे कार्ल एल्सनर याने १८८४ साली कारखाना काढला, १८९१ पासून सैन्याला चाकू पुरविले आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठीचा तो प्रसिद्ध अनेक हत्यारांचा चाकू नोंदविला.

खुणेच्या जवळ कधी मुकुट आणि दोन अक्षरे असतात. ती त्या वेळच्या राजाची किंवा राणीची. ‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ‘ई आर’ म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. ‘जी आर’ असेल तर जॉर्ज. पण जॉर्ज नावाचे राजे अनेक झाल्यामुळे बाकीचा चाकू पाहून निर्णय करावा लागतो.

तिसरी गोष्ट देशाचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन माल शेफील्डचे नाव ठोकून विकला जातो, अशी ओरड इंग्लंडात झाली. तेव्हा १८८७ साली विलायतेत आणि १८८९ साली हिंदुस्थानात मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदे झाले. १८९१ पासून अमेरिकेनेही आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून नुसते ‘शेफील्ड’ असलेला चाकू बहुधा त्याच्या आधीचा, ‘इंग्लंड’ जोडलेला त्यानंतरचा आणि ‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण लिहिलेला बहुधा विसाव्या शतकातला, असा ठोकताळा बांधता येतो. ठोकताळाच म्हणावयाचा, नियम नव्हे. कारण जुने ठसे कारखान्यात पडून असतात आणि कारागीर हाताशी येईल तो वापरतो. गंजत नाही असे पोलाद हॅरी ब्रेअर्ली याने शेफील्डलाच १९१३ साली काढले. तेव्हा ‘स्टेनलेस’ हा शब्द ज्या पात्यावर असेल ते पाते त्याच्या आधीचे असणे शक्य नाही. विकणारा कितीही शपथा घेवो!

यानंतर मूठ पाहावी. मूठ हस्तिदंताची, मोतीशिंपल्याची, हाडाची, शिंगाची, लाकडाची किंवा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड आले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत. ते दिसावयास फार सुरेख, पण म्हातारपणी कुजते. त्यातून आंबूस वाफ सुटते आणि ती शेजारच्या चाकूंची पाती खाते. असा एक चाकू आम्ही पेटीत इतरांबरोबर ठेवला होता. चार पावसाळ्यांनी पेटी उघडली तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंचे चाकू गंजाने गेले होते. नासका आंबा आढीतून वेगळा काढतात, तसा तो वेगळा ठेवावा.

शिंगाच्या मुठीची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. शेफील्डच्या उत्तम चाकूंना खडबडीत, तपकिरी शिंगाची मूठ असे. त्या शिंगाचा मोठा पुरवठा कोठून होत असे? हिंदुस्थानातून. ते आपल्या रानातल्या सांबराचे शिंग! सांबर दरवर्षी शिंगे टाकते. ती रानातून गोळा होत, बंदरावर जात, बोटीत चढत आणि शेफील्डला तासली जात. तोच माल मग चाकूची मूठ होऊन मुंबई बंदरात उतरे आणि आमच्या आजोबांना विलायती म्हणून विकला जाई. शिंग आपले, मोल दुसऱ्याचे. आता हा व्यापार बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताची खरेदी-विक्री निषिद्ध केली आहे आणि सांबरशिंगाचा धंदाही उरलेला नाही. तेव्हा अशी मूठ असलेला चाकू घरात वडिलोपार्जित असेल तर जपावा. बाजारात मांडू नये आणि विकत घेऊ नये.

केवळ शिंगाचेच असे झाले काय? पोलादाचीही कथा हीच आहे. आपल्या दक्षिणेत मुशीत बनविलेले एक उत्कृष्ट पोलाद होते. कानडीतल्या ‘उक्कू’ या शब्दावरून इंग्रज त्याला ‘वूट्झ’ म्हणू लागले. १७९४ च्या सुमारास मुंबईच्या डॉक्टर हेलेनस स्कॉट याने त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. बँक्स यांनी ते स्टोडार्ट नावाच्या चाकूवाल्याकडे दिले. त्याने त्यातून काय घडविले असेल? लेखणी तासण्याचा एक लहान चाकू! १७९५ साली यावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाला. पुढे याच स्टोडार्टने तरुण मायकेल फॅरडेच्या साहाय्याने पोलादावर प्रयोग केले. म्हणजे मुंबईहून गेलेल्या पोलादाचा लंडनमध्ये चाकू झाला, त्याची कीर्ती झाली. आणि शंभर वर्षांच्या आत आपण चाकूसाठी शेफील्डकडे तोंड करून बसलो. आपले भट्टीवाले आणि लोहार यांची विद्या कोठे गेली, हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस स्वतःस विचारीतच नव्हतो. तारा आणि क्रूस पाहण्यातच आमचे डोळे गुंतले होते.

आता तो धडा.

आमच्या वस्तीच्या पलीकडे एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांचे नाव सांगत नाही. येथे बसलेल्यांपैकी जुन्या मंडळींनी ते ओळखलेच असेल. आम्ही त्यांना आबा म्हणू. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. त्या लढाईत पूना डिव्हिजन कूट-अल-अमारा येथे वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेले, हे आपणांस ठाऊक आहे. त्या डिव्हिजनात मराठ्यांच्या पलटणी होत्या. आबांचे वडील नेमके कोणत्या तुकडीत होते हे घरात कोणास सांगता येत नव्हते. ते परत आले, फार बोलले नाहीत आणि आबा लहान असतानाच वारले. त्यांच्यामागे घरात एक चाकू राहिला.

आमच्या नादाची वार्ता गावात पसरल्यावर एके दिवशी आबा तो चाकू धोतराच्या सोग्यात बांधून आमच्याकडे आले. म्हणाले, “मास्तर, ह्यो बगा बरं. आमच्या बाचा हाय. रॉजरच हाय न्हवं?”

आम्ही चाकू हातात घेतला. मोठा, जड, काळ्या मुठीचा, एका बाजूस दाभणासारखा जाडजूड सुळा, टोकाला कडी. पात्यावर तेलामातीचे आणि गंजाचे जाड पूट. आम्ही भिंग काढले, बुडाशी पाहिले. तारा नाही, क्रूस नाही. चार अक्षरे असल्याचा भास, पण ती रॉजर्सची खचित नव्हेत. त्या दिवसांत आम्ही नुकतीच या विषयावरची दोन-तीन पुस्तके वाचली होती आणि नवशिक्याला असते तेवढी सगळी खात्री आमच्या अंगात होती. आम्ही म्हणालो, “आबा, हा रॉजर नव्हे. नक्कल दिसते. बाजारात असे खोटे पुष्कळ येत.”

आबांनी चाकू घेतला, मिटला, सोग्यात बांधला. “बरं,” एवढेच म्हणाले. चहा झाल्याशिवाय ते कधी उठत नसत. त्या दिवशी उठले. पुढे दहा वर्षे रस्त्यात भेट होई, रामराम होई, पण चाकूचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आमच्या ध्यानातही राहिला नाही. सांगणारा विसरतो, ज्याच्याविषयी सांगितले तो विसरत नाही.

आबा गेल्यानंतर काही महिन्यांनी कामानिमित्त आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांची सून ओट्यावर बसून ज्वारीच्या पोत्याची तोंडबांधणी सोडवीत होती. गाठ घट्ट होती. तिने शेजारचा चाकू उचलला, सुळा बाहेर काढला आणि गाठीत खुपसून एका हिसक्यात गाठ सैल केली. ते पाहताच आमच्या डोक्यात उजेड पडला. तो सुळा नेमका याच कामासाठी असतो! दोराच्या गाठी सोडविण्याचा सुळा, डबे फोडण्याचे पाते, दोरीने कमरेस अडकविण्याची कडी आणि बोथट टोकाचे मोठे पाते, हा इंग्रजी सैन्यातल्या शिपायाला मिळणारा सरकारी चाकू. आम्ही तिच्याकडे तो मागितला, रॉकेलच्या बोळ्याने बूड हळूहळू पुसले. मळ सुटला तशी खाली कावळ्याच्या पायासारखी तीन रेघांची खूण उमटली. ती इंग्लंडच्या सरकारी मालाची बाणखूण. तिच्याजवळ कारखान्याचे पुसट नाव आणि १९१५ हा आकडा.

तो चाकू रॉजर नव्हता, हे आमचे बोलणे खरे होते. पण ‘म्हणून तो खोटा’ हे दुसरे वाक्य आम्ही कोठून आणले? शेफील्डमध्ये शेकडो कारागीर होते. युद्धाच्या काळात सरकारने कित्येक कारखान्यांकडून असे चाकू बनवून घेतले. आमच्यापाशी एक खूण पाठ होती. ती दिसली नाही म्हणून आम्ही सबंध वस्तूच अमान्य केली. आणि आबा काय विचारावयास आले होते? त्यांना रॉजर्सचा कारखाना ठाऊक नव्हता. आपला बाप खरोखर त्या लढाईला गेला होता आणि त्याने जे आणले ते खरे आहे, एवढेच त्यांना कोणा शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकावयाचे होते. तो पुरावा त्या चाकूवरच होता, रॉकेलच्या एका बोळ्याच्या अंतरावर. आम्ही तो पाहिला नाही. ही चूक दुरुस्त करावयास आम्हांस दहा वर्षे उशीर झाला.

सुनेला आम्ही सर्व सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मामंजी शेवटापत्तुर उशाला ठेवीत हुते, मास्तर. तुमी काय म्हनला हुता त्ये आमाला कंदी सांगितलं न्हाई.” आम्ही तो चाकू संग्रहासाठी मागितला नाही. मागण्याचा हक्क आमच्याकडे नव्हता. शिवाय तो तिला रोज लागतो. आम्ही एका जाड कागदावर सर्व हकीकत, मापे, खुणा लिहून दिल्या आणि तो कागद त्यांच्या घरच्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला.

त्या दिवसापासून आमची पाहण्याची रीत बदलली. जो चाकू आपले नाव सांगत नाही त्याच्याकडे आम्ही अधिक वेळ पाहू लागलो. असे पाहू लागल्यावर आपल्या गावच्या लोहाराचे चाकू आम्हांस प्रथमच दिसले. इतकी वर्षे ते भंगाराच्या ढिगात आमच्या हाताखालून जात होते आणि आम्ही ते बाजूस सारीत होतो. बारा बलुत्यांतला लोहार खुरपी, विळे, कुऱ्हाडी करी, तसा फावल्या वेळात मिटता चाकूही करी. त्याला कमान नसते. मुठीच्या खाचेत पाते आणि आरपार एक खिळा, बस्स. खिळा घट्ट ठोकल्यामुळे पाते जागेवर राहते. सैल झाला की दगडावर ठेवून दोन टोले द्यावेत. धनगराच्या, गुराख्याच्या, गुऱ्हाळावरच्या गड्याच्या कमरेला असे चाकू असत.

त्यावर नाव नसते. तरी तो मुका नसतो. पात्याच्या पाठीवर तिरक्या बारीक रेघांची जाळी दिसली तर ते पाते जुन्या कानशीतून काढले आहे. कानशीचे दात पुरते झिजत नाहीत, घडविल्यावरही त्यांची सावली राहते. पाते जाड आणि चिवट असेल तर ते गाडीच्या कमानपट्टीचे असावे. मूठ बाभळीची की बोरीची, खिळ्याखाली चकती तांब्याची की जुन्या पैशाची, हे पाहावे. असे चार चाकू शेजारी ठेवले की दोन एकाच हाताचे आहेत हे कळते, कारण टोकाचा उतार, खिळ्याची जागा, कानस फिरविण्याची दिशा या गोष्टी माणसाच्या सहीसारख्या असतात. आमच्यापाशी अशा एकाच हाताचे पाच चाकू आहेत. ते सर्व या पाचसात गावांतून मिळाले. तो लोहार कोण, हे आम्हांस अजून लागलेले नाही.

पुण्याला बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. आपल्यांपैकी ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे. कै. दिनकर केळकर १८९६ साली जन्मले. ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सर्व संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. तेथे अडकित्त्यांची जी मालिका आहे ती पाहून माणूस थक्क होतो. घोड्याचे, पोपटाचे, स्त्री-पुरुषांच्या आकृतींचे, पितळेचे, लोखंडाचे, नाना तऱ्हांचे अडकित्ते. अडकित्ता आणि चाकू हे सख्खे भाऊ, दोघेही खिशातले किंवा चंचीतले. त्या अडकित्त्यांवर कारागिराचे नाव आम्हांस कोठे वाचावयास मिळाले नाही. आमच्याकडे वस्तूवर नाव घालण्याची रीत नव्हती. घडविणारा कोण हे सगळ्या गावाला ठाऊकच असे. ही रीत सुंदर खरीच, पण ती गाव जोवर आठवण ठेवते तोवरच चालते. शेफील्डच्या कारागिराचे नाव पोलादावर राहिले, आमच्या लोहाराचे माणसांच्या तोंडी राहिले. माणसे गेली की ते गेले.

आता ज्या तरुण मंडळींना हा नाद लागेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, चाकू घासून चकचकीत करू नये. आम्ही विकत घेतलेला पहिला चाकू पॉलिश कागदाने घासला आणि आरशासारखा केला. त्यावरचा तारा त्या घासण्यातच गेला. कैऱ्या, लिंबे, कांदे कापून साध्या पोलादावर जी निळसर-काळी छटा येते ती गंज नव्हे. ती पात्याची कातडी आहे. लाल, भुकटीसारखा सुटतो तो गंज. तो तेलाच्या बोळ्याने, धीर धरून काढावा. दुसरी, खोबरेल लावू नये. ते चिकट होऊन मळ धरते. शिलाईच्या मशीनचे तेल एक थेंब पुरे. तिसरी, चामड्याच्या पाकिटात कायमचा ठेवू नये. कमावलेल्या चामड्यातले द्रव्य पात्याला गंज आणते. चौथी, धारवाल्याकडे देण्यापूर्वी बूड त्याच्या दगडाला लागणार नाही याची ताकीद द्यावी.

कायद्याचेही भान ठेवावे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, घरकामाचे किंवा शेतीचे नव्हे असे चाकू शस्त्रांच्या कायद्यात येतात. खिशातला चाकू त्या मापात सहसा बसत नाही. पण मनाईहुकूम असेल तेथे मापाचा वाद घालीत बसू नये. सिनेमाने प्रसिद्ध केलेला रामपूरचा खटक्याचा चाकू हा कारागिरीचा नमुना म्हणून घरी पाहण्याचा आहे. खिशात घालून हिंडण्याचा नव्हे. तसेच शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी पाठविण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. ती योग्यच आहे. आपला लोहार पुन्हा बोटीत चढू नये.

शेवटी एक विनंती. आम्ही एक वही घातली आहे. तीत या पंचक्रोशीतल्या घरोघरच्या जुन्या चाकूंची, अडकित्त्यांची, विळ्यांची नोंद करावयाची आहे. वस्तू तुमच्याच घरी राहील, तुम्हीच वापराल. आम्हांस ती नको. आम्हांस हवे ते एवढेच: ती कोणी आणली, कोठून आणली, कोणी घडविली आणि रोज कोणाच्या हाती होती. मूठ एका बाजूने झिजलेली दिसली तर हात कोणाचा होता, ते सांगणारे माणूस अजून घरात आहे तोवर विचारून घ्या. पोलाद दोनशे वर्षे टिकेल, ती माहिती तेवढी टिकणार नाही.

आज घरी गेल्यावर तो डबा उघडा. पाते उघडा, बूड पुसा, हलक्या हाताने. खूण दिसली तर आमच्याकडे या. खूण दिसली नाही तर अवश्य या. आणि कोणी चाकू दाखवून “हा खरा आहे ना?” असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी, तो काय विचारतो आहे, हे आधी समजून घेऊ, असे वचन आम्ही या सभेपुढे देतो. ते आबांना द्यावयाचे राहून गेले.